टँकर उभा असेपर्यंतची वीज

वार मंगळवार, अक्षय्य तृतीयेच्या आधीचा. स्थळ: आमच्या घराची पुढची खोली आणि खिडकीखालची गल्ली.
हजर: मी, गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. संस्थेच्या अध्यक्षबाई, राहणार समोरच्या दारात. धाकटे दीर, ट्रॅक्टर आणि पाण्याच्या टँकरसह. गल्लीतल्या बायका, घागरींसह.
गैरहजर: आमचे यजमान, बैलं घेऊन चारा छावणीत. पाऊस, दुसरं वर्ष. वीज, नेहमीप्रमाणे.

सभेचं इतिवृत्त लिहून लिहून हाताला अशी सवय लागली आहे की आठवणसुद्धा आधी हजेरी घेतल्याशिवाय सांगता येत नाही. घरातले हसतात. हसू देत.

तर संगणक. तो माझ्या भावाने दिलेला. अंबाजोगाईला त्याचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. त्याने नवा घेतला आणि जुना माझ्याकडे धाडला, एसटीच्या मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून. मी बी.कॉम. झालेली, लग्नाआधी त्याच दुकानात टायपिंग केलेलं, त्यामुळे संस्थेचं सगळं काम आपोआप माझ्या गळ्यात आणि संगणक आमच्या पुढच्या खोलीत. सोबत यूपीएस नावाची एक काळी, विटेसारखी जड पेटी होती. वीज गेली की ती टीं टीं करून ओरडायची आणि काम वाचवून संगणक बंद करण्यापुरती सवड द्यायची. आत्याबाई तिला टिटवी म्हणत. चुलीपुढून हाक यायची, "अगं, तुझी टिटवी वरडाय लागली, कायतरी कर!" टिटवीचं ओरडणं त्यांना अशुभ वाटे आणि तसं ते होतंही, कारण ती ओरडली की पुढचा अर्धा दिवस वीज नसे.

विजेच्या पाळीचा कागद मी भिंतीला लावला होता. या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. तो कागद फक्त मी वाचत होते, वीज वाचत नव्हती. एवढ्या ओरडण्याने टिटवीचाही घसा बसला. तिची बॅटरी गेली. मग वीज जाताच संगणक एकदम काळा, आणि दुधाच्या नोंदी पुन्हा पहिल्यापासून.

उपाय दारातच उभा होता. आमचा ट्रॅक्टर. जमिनीत ओल नाही तर नांगरट कसली, आणि नांगरट नाही तर ट्रॅक्टरला काम काय? कोंबड्या त्याच्या सीटवर बसायच्या. पण बॅटरी धडधाकट होती. सिरसाळ्याचे एक मेस्त्री आमच्या ट्रॅक्टरचं काम वर्षानुवर्षं करत. त्यांना मी अडचण सांगितली. त्यांनी एक लहानसा इन्व्हर्टर काढून दिला, ट्रकवाले केबिनमध्ये टीव्ही चालवायला घेतात तसला. दोन चिमटे बॅटरीला लावायचे, दुसऱ्या बाजूला संगणकाची पिन. "भाबी," ते म्हणाले, "शेतीचं काम न्हाई तर बॅटरीला जरा हापिसात बसू द्या. तिलाबी बरं वाटंल." त्या इन्व्हर्टरमध्येही एक टिटवी होतीच. बॅटरी उतरत आली की ओरडायची.

झकास चाललं होतं. पण उन्हाळा तापला, गावातल्या विहिरी आटल्या, आणि ग्रामपंचायतीने पाण्याच्या टँकरला आमचाच ट्रॅक्टर लावला. दीर ड्रायव्हर. आता बॅटरी त्यांना सकाळी हवी आणि मला दुपारी. रोज ती काढायची, खांद्यावरून आत आणायची, रोज परत न्यायची. दीर कुरकुरत, "वैनी, नव्या नवरीलाबी एवढं सासर-म्हायेर न्हाई करावं लागत. हिला एकदाची नांदू द्या की कुठंतरी!"

टँकरच्या पाण्याची व्यवस्थाही माझ्याकडेच होती. कोणी दिली नव्हती, मी घेतली होती. पहिल्या आठवड्यात दोन भांडणं आणि एक फुटलेला माठ पाहिला आणि गळ्यात शिट्टी अडकवून उभी राहिले. रांग घागरींची लावायची, माणसांची नाही. शिट्टी वाजली की पुढची घागर. गप्पा नळीपासून लांब. आणि पाणी टँकरपाशी गाळायचं नाही, घरी नेऊन गाळायचं. हा शेवटचा नियम आत्याबाईंना मुळीच पटला नव्हता. पाणी घागरीत पडतानाच दुहेरी फडक्यातून पडलं पाहिजे, ही त्यांच्या सासूची शिकवण. "आधी घाण घरात न्यायची अन् मंग गाळायची? ही कुठली बी.कॉम.ची पद्धत?" मी म्हटलं, आत्याबाई, एकेका घागरीला गाळत बसलं तर टँकर रात्रीपर्यंत हलायचा नाही. त्या मात्र फडकं कमरेला खोचूनच रांगेत येत राहिल्या. निषेध म्हणून.

आता तो मंगळवार.

सकाळी तालुक्याच्या दूध संघातून फोन आला. मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या मक्याच्या, गाड्या उद्या निघणार. ज्या संस्थेकडून सभासदांच्या जनावरांची यादी, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याच्या नंबरासकट, आज पाचपर्यंत ईमेलने येईल त्याच गावाला गाडी. मी म्हटलं, कागदावर लिहून दुपारच्या एसटीने पाठवते. तिकडचे कारकून म्हणाले, "ताई, कागद नका धाडू. आमच्याकडं आलेला कागद आमालाच सापडत न्हाई."

मी धावत समोरच्या दारात गेले. अध्यक्षबाई गोठ्यात म्हशीला खरारा करत होत्या. इथे त्यांची अडचण सांगायला हवी. घरात त्या आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. छावणीत जनावरासोबत माणसाला राहावं लागतं, ते त्यांना जमणारं नव्हतं. एकच म्हैस, गाभण, आणि तिच्यापुढे टाकायला उसाचं पाचट उरलं होतं तेही मूठभर. दुसऱ्या दिवशी बुधवारचा बाजार. व्यापाऱ्याला त्यांनी शब्द देऊन ठेवला होता, सकाळी त्याचा पिकअप दारात येणार होता.

मी मुरघासाचं सांगितलं. खरारा थांबला.

"गाडी येईल खरंच?"

"यादी गेली तर."

"मंग घाल यादी," त्या म्हणाल्या. "गाडी आली तर म्हैस ऱ्हाती. न्हाई आली तर उद्या दावं सोडते. आता लई इचार करून झाला माझा."

बैलं छावणीत गेलेली, पण दुभती जनावरं गावातच होती; आम्ही दोघी गोठ्यागोठ्यांतून बिल्ले वाचत फिरलो. बारा आकडी नंबर आणि कान हलवणारं जनावर, हे काम बसल्या जागी होत नाही. दुपारपर्यंत निम्मे नंबर कागदावर आले. पण संघाचा तक्ता होता संगणकात, आणि विजेचा पत्ता नव्हता. सिरसाळ्याच्या संगणकवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, मी तर दुकानाला कुलूप लावून लिंबाखाली पडलोय." माझा फोन बटणांचा, त्यावर तक्ता उघडत नसे. बॅटरी टँकरसोबत गेलेली. मी दारात उभी राहून रस्त्याकडे पाहत होते. टँकरची अशी वाट तहानलेल्या माणसानेही पाहिली नसेल.

ऊन कलायला लागलं तेव्हा दीर आले आणि पारापाशी टँकर लावला. घागरी तिथे सकाळपासून रांगेत होत्या. मी जाऊन सरळ म्हटलं, "भाऊजी, बॅटरी काढा."

"वैनी, भरलेला टँकर हाय. बॅटरी काढली अन् इंजिन बंद पडलं तर टँकर काय आई वढणार?"

"बरं. बॅटरी राहू द्या. ट्रॅक्टरच इकडे आणा, आमच्या खिडकीखाली."

"अन् रांग?"

रांग हा खरा प्रश्न होता. पाराकडून गल्लीत यायचं म्हणजे टँकर वळणार, नळी दुसऱ्या बाजूला येणार, आणि शेवटची घागर पहिली होणार. नुसता हा विचार बोलून दाखवताच पहिल्या नंबरच्या बाईने पदर खोचला. मी घरातून खडू आणला आणि घागरींवर नंबर टाकले. घागर कुठेही गेली तरी नंबर तोच. तेवढ्याने निभावलं. अध्यक्षबाईंनी सगळ्यांना कशासाठी ते सांगितलं. मुरघास म्हटल्यावर बायकांनीच दोन्ही काखेत घागरी उचलल्या आणि गल्लीत नव्याने मांडल्या.

ट्रॅक्टर खिडकीला भिडला. इन्व्हर्टर त्याच्या बॉनेटशेजारी, चिमटे बॅटरीला. तिथून वायर आत घ्यायची तर खिडकीला मीच हौसेने बसवलेली डासांची जाळी. कापायला जीव होईना. आत्याबाईंनी कातरी आणली, मला बाजूला केलं आणि कोपऱ्याला जाळीचा चांगला हातभर चौकोन उडवला. "वायरीएवढं भोक पुरलं असतं," मी म्हटलं. "कातर मोठी हाय," त्या म्हणाल्या.

संगणक सुरू झाला. बाहेर इंजिन धडधडत होतं, आत पडद्यावर तक्ता उघडला, आणि मी कागदावरचे नंबर भरायला बसले. राहिलेले नंबर खिडकीतून येऊ लागले. ज्यांचे गोठे सकाळी राहिले होते त्या रांगेतच होत्या. कोणी सुनेला घरी पिटाळलं, कोणी ओरडून विचारलं. एकीची गाय कानच धरू देईना. "बिल्ल्याचा मधला आकडा शेणानं झाकलाय, अंदाजानं टाक की!" मी म्हटलं, अंदाजाचा मुरघास येईल मग. ती पाण्याचा तांब्या घेऊन बिल्ला धुवायला गेली. टँकरच्या पाण्याने त्या उन्हाळ्यात गावात धुतलेली ती बहुधा एकमेव गोष्ट.

अध्यक्षबाई खिडकीशी उभ्या राहून एकेक नंबर मला परत वाचून दाखवत होत्या. मी म्हटलं, तुमच्या म्हशीचा सांगा, आधी तो टाकते. त्यांनी मान हलवली. "माझा शेवटी. वाढणाऱ्यानं आधी जेवू ने."

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बाहेर सगळं फार वेगात चाललंय. माझ्याच नियमांप्रमाणे! शिट्टी नव्हती तरी सवयीने घागरीमागून घागर भरत होती, कोणी एक शब्द जास्त बोलत नव्हतं. टँकर निम्म्याच्या खाली गेला होता. दीर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. वस्तीची खेप सकाळीच झालेली होती, पण त्यांना भरण्याच्या विहिरीवर उद्यासाठी नंबर लावायचा होता. "टाकी रिकामी झाली की मी चाललो बरं का वैनी. तिकडं टँकरची रांग लागलीय, तिथं तुमचा खडू चालत न्हाई."

मी जाळीच्या भोकातून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "बायांनो, हळू भरा!"

त्यावर जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो.

"काय म्हनली? हळू?"

"अगं काल तर शिट्टी फुंकून फुंकून तिचे गाल फुगले व्हते!"

"सचिवबाई, हा ठराव लेखी पायजे!"

पण हळू भरायचं म्हणजे करायचं काय, हे कोणालाच उमगेना. नळी उघडी, पाणी आपल्या वेगाने येणार. बारीक धार सोडली तर दीर लगेच खाली उतरून तोटी पूर्ण उघडत. सांडायचं तर पाप. तेव्हा आत्याबाई पुढे आल्या. कमरेचं फडकं काढलं, झटकलं, दुहेरी घडी घातली आणि पुढच्या घागरीच्या तोंडावर ताणून बांधलं.

"गाळल्याबिगर आता एक थेंब घागरीत जायचा न्हाई," त्यांनी जाहीर केलं आणि खिडकीकडे पाहिलं. "का गं? चालंल का?"

"चालेल आत्याबाई."

"मोठ्यानं बोल. बायकांना ऐकू जाऊ दे."

"चालेल! नियम रद्द!" मी ओरडले.

मग काय विचारता. फडक्यातून पाणी जपून सोडावं लागे, नाही तर काठावरून वाहतं. घागर भरली की फडकं सोडायचं, गाळ दाखवायचा, "बघा, हे आमी पीत व्हतो" म्हणायचं, झटकायचं, पिळायचं आणि पुढच्या घागरीला बांधायचं. घराघरांतून फडकी निघाली. एकीने तर बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधली, आवडली नाही म्हणून. दीर कासावीस झाले.

"आई, ही गाळण कवा संपायची?"

"गप बस. तुला गाळून पाजलं म्हनून मानसात हायेस."

दीरांनी कपाळाला हात लावला आणि डिझेल तरी वाचावं म्हणून चावी फिरवून इंजिन बंद केलं. "बंद करू का?" असं त्यांनी मला विचारलं होतं. मी टंकता टंकता "हो, हो" म्हटलं. बॅटरी भरत राहते ती इंजिनवर, हे दोघांनाही माहीत होतं. दोघांच्याही डोक्यात त्या वेळी दुसरंच होतं.

यादी शेवटाला आली. धुतलेल्या बिल्ल्याची गाय नोंदवली. एकच ओळ उरली, आणि बाहेर टिटवी ओरडली. टीं, टीं, टीं.

"वरडली!" आत्याबाई घागर सोडून खिडकीशी आल्या.

"अध्यक्षबाई, नंबर!"

कागद बघायची त्यांना गरज नव्हती. डोळे मिटून त्यांनी बाराही आकडे म्हटले, आरतीसारखे, एका श्वासात. मी भरले. त्यांनी डोळे उघडले आणि पडद्यावरचे आकडे जाळीच्या भोकातून मान घालून पाहिले. "बरोबर हाय." मेल उघडली, तक्ता जोडला, पाठवायचं बटण दाबलं. इंटरनेटच्या डोंगलचा दिवा लुकलुकत होता. पडद्यावरचं चाक फिरत होतं. टिटवी एका सुरात किंचाळत होती. आणि चाक फिरता फिरताच पडदा काळा झाला.

गेलं की राहिलं? कोणालाच सांगता येईना. अध्यक्षबाई माझ्याकडे पाहत होत्या आणि मी त्या काळ्या पडद्याकडे. संघात फोन लावला तर तो सारखा गुंतलेला. सगळ्या गावांच्या सचिवांना त्या दिवशी तोच एक नंबर हवा होता.

तिकडे बाहेर दीरांनी चावी फिरवली. ट्रॅक्टरने टक् असा आवाज केला आणि गप्प. पुन्हा टक्. बॅटरी पूर्ण उतरली होती.

"वैनी," दीर शांतपणे म्हणाले, "तुमच्या संगणकानं माझा टँकर पिला."

उरल्यासुरल्या घागरी भरून टाकी रिकामी केली, टँकर ट्रॅक्टरपासून सोडवला. गल्ली चावडीकडे उतरती आहे. आता ढकलण्याशिवाय मार्ग नव्हता, आणि पुरुष माणसं छावणीत. बायकांनी पदर खोचले. आत्याबाईंनी समोर उभं राहून आरोळी दिली. पहिल्या दमात ट्रॅक्टर हलला, दुसऱ्यात चालू लागला, आणि दीरांनी क्लच सोडताच दोन आचके देऊन धूर सोडत पेटला. ढकलणाऱ्या निम्म्या बायका पुढे भेलकांडल्या आणि एकमेकींच्या अंगावर हसत पडल्या. इंजिन चालू ठेवूनच दीरांनी मागे येऊन टँकर जोडला आणि जाता जाता ओरडले, "आता ही बॅटरी म्हायेरी येनार न्हाई!"

त्या धुरात माझा फोन वाजला. संघातले कारकून. "ताई, तुमची यादी आली. पण एक इचारायचं व्हतं. बाकी सगळ्या वरनं आळीप्रमाणं हायेत, अन् शेवटी एकटीच म्हैस कावून?"

"ती अध्यक्षांची आहे," मी म्हटलं.

अध्यक्षबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या घरी गेल्या आणि मूठभर उरलेलं पाचट, उद्याला ठेवलेलं, सगळं म्हशीपुढे टाकलं.

बुधवारी सकाळी व्यापाऱ्याचा पिकअप आधी आला. त्यांनी त्याला बसवलं, चहा दिला, सासऱ्यांची तब्येत सांगितली, पुन्हा चहा विचारला. मुरघासाची गाडी गल्लीत शिरली ती पिकअपला अडकूनच उभी राहिली. व्यापारी समजूतदार होता. पिकअप मागे घेतला आणि म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक मोडायची ही लई म्हागाची पद्धत हाय."

पुढे पाऊस पडला, म्हैस व्याली, रेडी झाली. अध्यक्षबाई खरवसाचा डबा घेऊन आल्या तेव्हा मी संगणकावर होते. दाराला वळसा घालायचा कंटाळा म्हणून त्यांनी डबा जाळीच्या त्या चौकोनातून आत दिला. बरोबर मावला. आत्याबाई म्हणाल्या, "कातर मोठी व्हती ते बरं झालं."

त्यानंतर घरात मोठा इन्व्हर्टर आला, संगणकही बदलला. संस्थेच्या मालकीची वेगळी बॅटरी आहे आणि तिच्यावर मी रंगाने "माहेरी जाणार नाही" असं लिहून घेतलं आहे, दीरांच्या आग्रहावरून. वीज गेली की शेजारच्या बायका मोबाइलच्या चार्जरची वायर त्याच भोकातून आत सोडतात आणि हाक मारतात. डासही त्याच वाटेने येतात.

दर वर्षी दिवाळीच्या आधी मी घरकामांची यादी करते. बाकी सगळ्यावर रेघ मारून होते. या वर्षीची यादी आत्ता समोर आहे. रंगकाम झालं. माळ्यावरची भांडी झाली. पाण्याची टाकी धुऊन झाली. पुढच्या खोलीच्या खिडकीला नवी जाळी बसवणे, बाकी.